पिवळी गोळी

शालूने टाळ हलकेच वाजवला. पाठमोऱ्या संचिताचा हात वर आला नाही.

डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तीन महिने रोज सकाळी, पूजा आटोपली की हेच चालायचं. नात भिंतीकडे तोंड करून बसायची, आजी कीर्तनातला टाळ वाजवायची. ऐकू आलं की हात वर. सुरुवातीला अगदी कानाशी वाजवावा लागे. मागच्या एकादशीला दारातून वाजवला तरी हात वर आला होता. पुढच्या कीर्तनाला पोरीला बुवांच्या पुढ्यात बसवायचं, हे शालूने तेव्हाच ठरवून टाकलं.

तिने पुन्हा वाजवला. जोरात.

"आजी, वाजव ना गं," संचिता भिंतीकडे बघत म्हणाली.

भाकरी तव्यावर टाकून सून भावना बाहेर आली. "आई, मी कामाला गेल्यावर गोळ्या देता ना हिला?"

शालूने देवघराच्या खणातून न फोडलेल्या पट्ट्या काढून भावनापुढे ठेवल्या.

"पोरीची लघवी हलदीवानी पिवली झालेली. मना वाटला, कावील, म्हनून गोल्या बंद केल्या. शहाडच्या बाईकरून उतरवून पन आनली. हात धुतले तं पानी पिवला झाला."

"गोळीच पिवळी आहे, आई." भावना पट्टी घेऊन खाली बसली. "ठाण्याच्या डॉक्टरीणबाई बोललेल्या ना? आमच्या दोघांच्या जनुकांतून दोष आलाय. जेवणातलं ते जीवनसत्त्व हिच्या नसांपर्यंत पोचवणारी वाटच बिघडलेली. ढीगभर दिलं तर त्यातलं थोडं आत शिरतं. उरलेलं लघवीतून जातं."

शालूने दुसरी पट्टी उचलून बघितली. मग म्हणाली, "निशाला पन ह्याच व्हता?"

निशा संचिताची मोठी बहीण. आधी तिचे कान गेले, मग हात, मग घास गिळणं. खिडकीजवळची तिची खाट अजून तिथेच होती.

भावनाने होकारार्थी मान हलवली.

"तवा ही गोली नसंल निंगाली."

"होती. तुम्ही तोंड आल्यावर गोळी घेता ना, तिच्यात हेच असतं."

आत भाकरी करपल्याचा वास सुटला. कुणी उठलं नाही.

निशासाठी धरलेल्या उपासांनी तेव्हा शालूचं तोंड आलं होतं. त्याच खाटेच्या कडेला बसून, देवाचं नाव घेत, ती रोज एक गोळी पाण्याबरोबर गिळत होती.

भावनाने गोळ्या संचिताच्या तळहातावर ठेवल्या. त्या गिळून पोर परत भिंतीकडे वळली. "आता वाजव."

शालूने वाजवला. संचिताचा हात मांडीवरच राहिला. शालूचं तिकडे लक्ष नव्हतं. खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेकडे बघत, कुणाच्या कानाशी वाजवावा तितका हळू, ती टाळ वाजवत राहिली.