ओवाळणीचे तीन हजार

माइक पुढच्या बाकावर आला तेव्हा प्रेरणाने पासबुक मिटून मांडीखाली सरकवले.

बजाजनगरच्या शाळेत बारावी झालेल्या, कॉलेजसाठी बाहेरगावी निघालेल्या पोरांचा वर्ग भरला होता. पैसे कसे सांभाळावेत, हा विषय. शिकवणाऱ्या मंजुषा मॅडम बँकेतून निवृत्त झाल्या होत्या, पण बँकेची शिस्त काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. पासबुक भरून आणा, असे त्यांनी कालच बजावले होते. आता एकेकाने उठायचे, शेवटच्या पाच नोंदी वाचायच्या आणि पैसा कुठून आला, कुठे गेला ते सगळ्यांसमोर सांगायचे.

शिवमने तर क्लासच्या फीतले नऊशे रुपये मोबाइलवरच्या गेममध्ये घालवले होते.

"घरी माहीत आहे का?" मॅडमनी विचारले.

"आता झालं," मागे बसलेल्या आईकडे चोरून बघत तो म्हणाला, आणि सगळा वर्ग खो खो हसला.

प्रेरणाला हसू आले नाही. सकाळी तिने बँकेतल्या मशीनमध्ये पासबुक घातले, तर छपाई थांबायचे नाव घेईना. एक पान भरले, दुसरे भरले. पंचेचाळीस हजार आले, त्याच दिवशी गेले. अठ्ठ्याऐंशी हजार आले, तेही गेले. पाठवणाऱ्यांची नावे तिने जन्मात ऐकली नव्हती. खाते मात्र तिचेच होते.

ते काढून दिले होते शेजारच्या शिवराजदादाने. दहा वर्षे ती त्याला राखी बांधत होती. "कॉलेजला खातं लागतंयच, मी देतो काढून," म्हणाला आणि मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकला. आठ दिवसांपूर्वी, राखीला, त्याने ताटात तीन हजार ठेवले. एवढी ओवाळणी गल्लीत कुणी ऐकली नव्हती. मग हळूच म्हणाला, "तुझं कार्ड राहू दे माझ्याकडं. कंपनीचं पेमेंट फिरवायचंय." ताटात ओवाळणी पडलेली, समोर भाऊ बसलेला, नाही कसे म्हणणार? तिने पिनसुद्धा सांगून टाकला.

आणि आज बाकाबाकांतून माइक फिरवत होता तो शिवराजच. कॉलनीत कुठलेही कार्य असो, मांडामांड त्याचीच.

"आणखी एक," मॅडम म्हणाल्या. "आपलं खातं कुणालाही वापरायला देऊ नका. लुबाडलेला पैसा त्यातून फिरवतात. मग पोलिस खातं गोठवतात, आणि त्यात तुमचा घामाचा पैसा असला तर तोही अडकतो."

प्रेरणाने पासबुक मांडीखाली आणखी आत ढकलले. तिने मागे पाहिले. शेवटच्या रांगेत तिचे वडील रामकिसन बसले होते. रात्रपाळी करून न झोपताच आलेले, कंपनीच्या निळ्या शर्टात. शर्टाच्या आत पीएफमधून काढलेले साठ हजार होते. वर्ग सुटला की ते प्रेरणाच्या खात्यात भरायचे आणि त्यातून पुण्याच्या कॉलेजची फी पाठवायची. उद्या शेवटचा दिवस होता. लेक बघते आहे हे पाहून त्यांनी छातीवर हात ठेवून खूण केली, आहेत, सुखरूप आहेत.

शेजारी बसलेल्या अमृताने आपली शेवटची नोंद वाचली. माइक प्रेरणासमोर आला.

शिवराज वाकला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मशीन बंद व्हती म्हण," तो पुटपुटला. "नाव घेऊ नको माझं. लई मोठी माणसं हायेत त्यात. मला जित्तं सोडणार नाय."

तिला त्याची दया आली. शाळेत असताना सायकलवरून पडली, तेव्हा यानेच तिला दवाखान्यात उचलून नेले होते. ते काही खोटे नव्हते.

"ऊठ गं, प्रेरणा," मॅडम म्हणाल्या.

ती उठली. मांडीखालचे पासबुक हातात घेतले.

"पंचेचाळीस हजार..." एवढे ऐकू आले आणि माइक बंद पडला.

"सेल गेले, मॅडम," शिवराज घाईने म्हणाला. त्याचा अंगठा बटणावरच होता. "पुढच्याला घेऊ."

प्रेरणाने माइक बाजूला सारला. तिचा आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"पप्पा, पैसे खात्यात भरू नका! माझं कार्ड शिवराजदादाकडं हाय."

रामकिसन उभे राहिले. सगळ्या माना शिवराजकडे वळल्या.

त्याने माइक बाकावर ठेवला. मग उजव्या हाताची बाही ओढून मनगटावरची राखी झाकली.