ओढ शून्यावर

हेमलताने अर्धा डबा शेव संपवली, पण तिला चव अशी लागलीच नाही. लाकडाचा भुसा चघळावा तसं वाटत होतं, तरी हात थांबत नव्हता. गेले तीन दिवस ती दवाखान्यातला रस घेत होती. त्या रसातले अतिसूक्ष्म कण मेंदूतली चमचमीत खाण्याची ओढ पुसून टाकायचे.

दुसऱ्या दिवशी ती तडक डॉक्टर तिसकरांकडे गेली.

"तुमची ओढ शून्यावर आहे," यंत्राकडे पाहत डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग खातंय कोण?" हेमलता चिडली.

"खाता कधी?"

"संध्याकाळी, सातच्या सुमारास."

"त्याआधी घरात काय चाललेलं असतं?"

हेमलताला रोजची संध्याकाळ आठवली. सहा वाजले की स्मृती हरवलेल्या सासूबाई स्वतःच्याच घरात खोलीचं दार आतून बडवत, "मला घरी सोड गं" म्हणून रडायच्या. तासभर त्यांची समजूत घालून ती स्वयंपाकघरात शिरायची. नवरा दिवाकर नेमका तेव्हाच फिरायला गेलेला असायचा.

"रसाचा आणखी एक कोर्स देऊ?"

"नको," म्हणत ती उठली.

ती घरी पोचली तेव्हा सहा वाजत आले होते आणि दिवाकर बूट घालत होता.

"बूट काढा. आजपासून या वेळी आईंजवळ तुम्ही बसायचं."

"अगं, मला नाही जमत ते!"

"मलाही जमत नाही."

आतल्या खोलीतून दार बडवल्याचा आवाज आला. दिवाकर भांबावून आईकडे वळला. हेमलता एकटीच फिरायला म्हणून जिना उतरली.