नव्वदचा मायलेज

"जोरात ढकल उर्वशी, आता इंजिन पकडन," ताराचंद सीटवरून म्हणाला.

मोहाडीहून वरठीच्या रस्त्यानं उर्वशी मोटारसायकल ढकलत होती. ताराचंद वर बसून होता. त्याले बसनं भागच होतं, टेस्ट चालू होती. टेस्टमंदी वजन बदलाले नाही पायजे, असं मोबाईलमधला एक विद्वान सांगून गेला होता. उर्वशी उतरली हेच त्याले लय लागलं.

"तुह्या वजनाचा तांदळाचा कट्टा सोबत आणाले पायजे होता."

"पुढच्या बारीले आणू. तोबी मीच ढकलन."

मागून आलेल्या म्हशी पुढे निघून गेल्या. एक म्हस तं थांबून, पाहून, मान हलवून गेली.

आठ दिवसांपासून ताराचंद गाडीची थ्रॉटल बॉडी आंगणात खोलून बसला होता. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाचं नाक, हवा तिथूनच आत जाते. कंपनीनं हे नाक आतून गुळगुळीत घडवलं. एवढे शिकलेले लोक, पण मोबाईल पाहत नसावेत. ताराचंदनं कानशीनं आतून खाच पाडली. खाचीत हवा घुमते, घुमलेली हवा पेट्रोल पुरं जाळते, आन लिटरमागं पंचावन्न जाणारी गाडी नव्वद जाते. मंग वरठीच्या कारखान्यातली सोळा वर्षांची नोकरी कोण करते? साकोलीले हायवेवर 'ताराचंद मायलेज सेंटर' निघनार होतं. राजीनामा लिहून शर्टाच्या खिशात होता.

"आपल्या पोरीचं, रुपाचं नर्सिंगचं शिक्षण याच पगारावर चालू आहे जी," उर्वशीनं चार दिवस समजावलं होतं.

"नव्वद नाही आलं तं राजीनामा फाडतो. आलं तं दुपारीच साहेबाच्या टेबलावर."

सकाळी वरठीच्या पंपावर टाकी तोंडापर्यंत भरली. मोहाडीवरी गाडी बरी गेली. तिथं ताराचंदनं रेस सोडली, आन गाडीनं जीव सोडला. परतीत ती जराशी चाले, मंग बंद पडे. उर्वशीनं चाबी बंद कराले हात नेला तं तो खेकसला.

"राहू दे. टेस्टमंदी चाबी बंद कराची नसते."

उर्वशीची पाठ मोडून आली होती, पण मनात ती खुशीत होती. असली गाडी नव्वद देत नाही. पंपापर्यंत ढकलली की नोकरी वाचली. एवढ्या आनंदानं आजवर कोणत्या बायकोनं नवऱ्याले ढकललं नसन.

पंपावर पोचले तवा दोनच्या पाळीची मानसं जमली होती. कारखान्यातला धर्मेंद्रही होता. ताराचंदनं टाकी पुन्हा तोंडापर्यंत भराले लावली. पेट्रोल गेलं फक्त तीनशे मिली. मीटरवर अंतर सत्तावीस किलोमीटर. धर्मेंद्रनं मोबाईलवर भाग देला.

"नव्वद," तो म्हणाला. मंग पुन्हा भाग देला. "नव्वदच, ताराचंदभाऊ."

ताराचंदच्या डोळ्यात पाणी आलं. इंजिनाचं नाक जिंकलं होतं. मानसं गोळा झाली. कोणी खाचीवर बोट फिरवाले मागे, कोणी ताराचंदचा फोटो काढे.

उर्वशी पंपाच्या पायरीवर बसून पोटऱ्या दाबत होती. नव्वद ऐकून तिचे हात थांबले. ती उठली, मीटरपाशी गेली आन तो सत्तावीसचा आकडा लय वेळ पाहत राहिली.

"उद्या माह्या गाडीले पाडा खाच," धर्मेंद्र म्हणाला.

"उद्यापासून कायले, आजपासूनच सेंटर चालू," म्हणत ताराचंदनं खिशातून राजीनामा काढला.

"धर्मेंद्रभाऊ," उर्वशी म्हणाली, "तुमचं लगन झालं का?"

"नाही वयनी. काहून?"

"मंग आधी लगन करा. मोहाडीहून इथंवरी मी ढकलत आणली, आन चाबी चालू होती म्हणून हे मीटर तेबी मोजत आलं. बायकोबिगर हे मायलेज येत नाही."

धर्मेंद्रनं मोबाईल हळूच खिशात टाकला. तेवढ्यात दोनच्या पाळीचा भोंगा वाजला, आन राजीनामा फाडून सोळा वर्षांत पहिल्यांदा ताराचंद सगळ्यांच्या आधी कारखान्याच्या गेटातून आत गेला.