‘आतली कडी’चे सात खेळ

एक म्हातारी दाराला आतून कडी घालते. बाहेर कोण आहे ते दिसत नाही.

सिनेमाच्या रिळांचे अकरा पत्र्याचे डबे, एका बैलगाडीत.

लोहाऱ्यातल्या दुकानात नुजहत कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओतून नाचणारा मामा कापते आहे. मामा तिसऱ्यांदा नाचायला आला आहे.

पडद्यावर अक्षरं येतात : समाप्त. सिनेमा सुरू होऊन बारा मिनिटं झाली आहेत.

रविवार, सकाळचे दहा. यवतमाळात वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चित्रमंडळाचे एकोणीस सभासद चंद्रशेखरांच्या आवडत्या सिनेमाचं नाव ऐकून हसताहेत.

“हसून घ्या,” चंद्रशेखर म्हणाले. “पण ‘आतली कडी’इतका धाडसी मराठी सिनेमा मी दुसरा बघितला नाही.”

“मी बघितला की मोबाईलवर.” सुहासिनीबाई शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्या अजून गुण देत. “शंभरपैकी अकरा. मुलगा जन्मतो, बिघडतो, आईचे दागिने विकतो, आई त्याला दाराबाहेर ठेवते. पाच मिनिटांत शेवट कळतो हो.”

“कळायचं काय त्यात? शेवट आधीच दाखवलाय! पहिल्याच सीनला म्हातारी कडी घालते. बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय. आपल्याला त्या बाईचा राग येतो. मग तिच्या मांडीवर लेकरू येतं, बारसं होतं, आणि आपण दोन तास भीत राहतो, की हिच्याच हातून ते दार लागणार. तिने घास भरवला तरी नजर दाराकडे जाते. असं मांडायला काळीज लागतं.”

“बाबा,” आभा हळूच म्हणाली. ती त्यांची मुलगी. सिनेमा नेटवरून तिनेच उतरवून घेतला होता. “पहिला सीन बारशाचा आहे. कडी शेवटी येते.”

“तू पुढे ढकलत बघितलास.”

कुणीतरी खोकलं. चंद्रशेखर साठीचे झाले होते, आणि हल्ली चष्मा फ्रीजमध्ये सापडत होता. आभाने विषय तिथेच सोडला.

१९८६ साली राळेगावच्या तहसील कचेरीत ते नवे कारकून होते. बाजाराच्या मैदानात तंबू टॉकीज आली. ‘आतली कडी’ सात दिवस चालला; सातही खेळ त्यांनी बघितले. पुण्यात तो तिसऱ्या दिवशी उतरला होता. दिग्दर्शकाने पुन्हा सिनेमा केला नाही. त्याची बाजू घेणारा उभ्या महाराष्ट्रात एकच माणूस उरला होता, आणि तो या हॉलमध्ये लाल होऊन उभा होता.

“पुढच्या रविवारी मोठ्या पडद्यावर लावू,” तो माणूस म्हणाला. “निम्मे हात वर आले नाहीत, तर यापुढे मंडळाचे सिनेमे सुहासिनीबाई निवडतील.”

बारा वर्षं ते चंद्रशेखरच निवडत आले होते.

जिन्यात जब्बारने त्यांना गाठलं. राळेगावच्या त्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवायचा तो हाच. आता लोहाऱ्यात त्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि शेजारच्या गाळ्यात नात नुजहत लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायची.

“काहून अडला बे चंदू? राहू दे ना तो सिनेमा.”

“तू तर सातही दिवस होता. सांग ना त्यायले.”

“मी मशीनकडे पाहत होतो. पडद्याकडे कोण पाहते?” जब्बार दोन पायऱ्या उतरून थांबला. “तुले तो इतका कायले आवडते?”

चंद्रशेखर जिन्याच्या कठड्याला टेकले.

“मायनं मले घराबाहेर काढलं होतं, माहीत हाय ना तुले? दोन वर्षं बोलत नव्हतो तिच्यासोबत. मले वाटे, दार लावणं सोपं असते. सात दिवस ती म्हातारी पाह्यली. आठव्या दिवशी पहिल्या एसटीनं घरी गेलो.”

“हे तू कधी बोलला नाही.”

“तू कधी इचारलं?”

जब्बारने मान हलवली. मग हात पुढे केला. “पेन ड्राइव्ह दे. आवाज फाटून राह्यला म्हणत होती आभा. नुजहत करून देते.”

पुढच्या रविवारी लॅपटॉपपाशी जब्बार स्वतः बसला. दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही.

म्हातारीने कडी घातली. बाहेरून दार वाजत राहिलं. ती भिंतीला टेकून बसली. बाराव्या मिनिटाला ‘समाप्त’ आलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, “चला, सुटलो!” हॉल हसला. मग नावं सुरू झाली. मग बारसं.

त्यानंतर कुणी हसलं नाही. आईने पहिला घास भरवला तेव्हा सुहासिनीबाईंनी पदर तोंडाशी नेला. शेवटी मुलगा दारापाशी येतो, वाजवायला हात उचलतो. पडदा काळा झाला.

पंधरा हात वर आले. सोळावा सुहासिनीबाईंचा.

“मोबाईलवर हे असं नव्हतं हो,” त्या म्हणाल्या.

“मोबाईलवर सिनेमा बघतात का बाई!” चंद्रशेखरांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. “अडतीस वर्षं हेच सांगतोय मी. टाळ्या वाजवा त्या दिग्दर्शकासाठी!”

सगळ्यांनी वाजवल्या. जब्बारनेही, काखेत केबल धरून. आभाने नुजहतकडे बघितलं. नुजहत वायर गुंडाळत होती आणि मान वर करत नव्हती.

राळेगावच्या तंबूत पहिल्या दिवशी जब्बारने शेवटचा, अकरावा डबा चुकून आधी लावला होता. पुढचे सहा दिवस मुद्दाम.