आंधळ्याची की कातडीची

पहिला ठोसा एल्याकिमच्या जबड्यावर बसला. तो मागे चित्र टेकवायच्या इझलवर आदळला, इझल मोडलं, टर्पेंटाइनची बाटली फुटली आणि खोलीभर उग्र वास पसरला. समोर पेसाख उभा होता. एका हातात चोळामोळा केलेलं शुक्रवारचं वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात कॅनव्हास कापायचा चाकू.

"कुणी सांगितलं तुला?" पेसाख ओरडला. "बोल! कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं? अरे, डोकं फिरलंय का तुझं?"

फिरलंच होतं. एरवी हा माणूस कुणाला वर आवाज करून बोलायचा नाही. हैफा शहराच्या या चढणीवर दोघं वर्षानुवर्षं शेजारी राहत होते, एकाच गुरूच्या शिव्या खात शिकले होते, एकमेकांचे ब्रश ढापत आले होते. पुढे एल्याकिम स्वतःची चित्रं काढता काढता दुसऱ्यांच्या चित्रांवर लिहायला लागला. आणि लिहायचा कसला, सोलून काढायचा! निम्म्या गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पेसाखला मात्र या शुक्रवारच्या लेखात त्याने डोक्यावर घेतलं होतं. इतकं कौतुक त्याने जन्मात कुणाचं केलं नव्हतं. त्याचं हे बक्षीस!

चाकू सपकन आला. एल्याकिमने हात आडवा घातला आणि मनगटापासून कोपरापर्यंत आग आग झाली. फरशीवर रक्त ठिबकायला लागलं. पेसाखने त्याला लाथ घालून कोपऱ्यात ढकललं आणि तो भिंतीकडे वळला. भिंतीवर एल्याकिमच्या बायकोचं, त्सिपोराचं चित्र होतं. ती वारून फार दिवस झाले नव्हते, आणि तिचं म्हणून घरात एवढंच उरलं होतं.

"तिला नको रे! पेसाख, मला मार हवं तर, तिला हात लावू नकोस!"

पेसाखने दात-ओठ खात घाव घातले. टर्रकन फाटला तो बाजूच्या खुंटीला लटकलेला जुना कोट. अस्तर लोंबायला लागलं तरी तो भोसकतच होता. चित्राला ओरखडासुद्धा नाही. रागाच्या भरात याला काही सुधरत नाहीये, एल्याकिमच्या मनात आलं. तो श्वास रोखून गप्प बसला. पेसाख खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि मान इकडेतिकडे वळवायला लागला.

"लपलास कुठे, भेकडा? नगरपालिकेची भिंत मिळाली होती मला रंगवायला. आता कोण देईल? पोरांच्या तोंडात काय घालू मी? मथळ्यात छापलंस रे, चांगलं ठळक! 'ही चित्रं आंधळ्याची आहेत!'"

तेव्हा कुठे एल्याकिमच्या ध्यानात आलं. हिब्रू वर्तमानपत्रात नुसती व्यंजनं छापतात, स्वर वाचणाऱ्याने आपले आपण लावायचे. त्याने लिहिलेली ती तीन अक्षरं 'ओर' वाचली तर कातडी होते. 'इव्हेर' वाचली तर आंधळा.

"गाढवा!" तो रडकुंडीला येऊन ओरडला. "ओर! ओर लिहिलंय मी! 'ही चित्रं कातडीची आहेत.' तुझ्या माणसांच्या गालाला हात लावला तर ऊब लागेल, असं लिहिलंय खाली. भला मोठा लेख लिहिलाय! खालचं वाचलंस का तू? एक ओळ तरी?"

आवाजाच्या रोखाने पेसाख झेपावला होता. तो जागच्या जागी थांबला. हातातला चाकू गळून पडला. त्याने वर्तमानपत्र मांडीवर घासून सरळ केलं, नाकाला टेकेल इतकं जवळ आणलं आणि मथळ्यावरून बोट फिरवलं.

"ओर," तो पुटपुटला. "हो. ओरही होतं." मग त्याचं बोट खालच्या बारीक अक्षरांवर घसरलं आणि तिथेच घुटमळत राहिलं.

एल्याकिम रक्ताळलेला हात छातीशी धरून त्याच्याकडे बघत होता. पेसाखने मान वर केली आणि मोडलेल्या इझलकडे तोंड करून, तिथेच मित्र बसला असावा अशा थाटात विचारलं,

"म्हणजे, तुला ठाऊकच नव्हतं?"