एकटीचा तास

अगं, हळदीचे फोटो मागाहून दाखवा, आधी माझं ऐका! काल तुम्ही सगळ्या तिकडे नाचत होतात ना, तेव्हा स्टॅट्सच्या ऑनलाइन तासाला मी एकटीच होते. दोनदा उडालाय तो पेपर माझा. तिसऱ्यांदा उडाला तर बाबा कॉलेजच बंद करणारेत.

स्क्रीनवर बर्गे मॅडम आणि मी, बस्स! त्यांना पगार नाही गं, शिकवतील तेवढ्याच तासांचे पैसे. मी म्हटलं, “मॅडम, रद्द करायचा का? दहा जण नसले तर कॉलेज तुमचा हा तास धरतच नाही ना?”

“नाही धरत. पण तू आलीयेस ना?”

“मग मी आईच्या, आजोबांच्या, सगळ्यांच्या फोनवरून लॉगिन करते!”

“आणि आजोबांना मी प्रश्न विचारला तर?” त्या हसल्या, माझ्यासमोरच हजेरीत ‘एक’ लिहिलं आणि शिकवायलाच लागल्या. अख्खा तास! वर्गात साठ पोरं बसल्यासारखं!

शेवटी विचारलं, “समजलं?” मी खोटं बोलणार होते, शप्पथ. फुकट शिकवणाऱ्या बाईंना नाही कसं म्हणायचं? पण तोंडातून निघालंच, “नाही, मॅडम.”

मला वाटलं, आता चिडणार. तर त्या घोटभर पाणी प्यायल्या, भरलेला फळा पुसून कोरा केला आणि म्हणाल्या, “बरं झालं बोललीस. चल, पहिल्यापासून.”