दुसरं ताट

"आजी, यजमानांना लपवलंत की काय?" शिष्यवृत्तीच्या खिडकीतली मुलगी हसत म्हणाली. "तुमच्या स्वयंपाकघरातलं नोंदणीचं यंत्र आम्हाला कळवतंय, घरात दोन माणसं जेवतात. आणि फीमाफी तर फक्त एकट्या राहणाऱ्यांना असते."

प्रमिलाबाईंनी अडुसष्टाव्या वर्षी इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला होता. फी माफ झाली नाही तर तो सोडावा लागणार होता.

"ते जाऊन चार वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या. "पण दुपारी त्यांचं ताट वाढायची सवय सुटत नाही. संध्याकाळी तेच मी खाते."

मुलीने अर्ज परत सरकवला. "यंत्राला ते कळत नाही हो, आजी. महिनाभर एकाचाच स्वयंपाक करा. मग पात्र व्हाल."

घरी येऊन प्रमिलाबाईंनी तांदूळ घेतले आणि त्यातले निम्मे डब्यात परत टाकले. ओट्यावरच्या यंत्राने लगेच सांगितलं, "आज एक व्यक्ती. नोंद झाली."

पातेलं दोघांचं होतं आणि तांदूळ मूठभर. पाण्याचा अंदाज चुकला, भात तळाला लागला. लग्नानंतर एवढ्या वर्षांत एका माणसाचा भात त्यांनी कधी लावलाच नव्हता.